आईच्या मुठीतली जागा

ही घटना खरी आहे.

तुम्ही म्हणाल, इथे लिहिणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. म्हणू दे. मी कवळ्या बनवते. चोवीस वर्षं हेच काम करते आहे. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांची मापं येतात. त्यात मी प्लास्टर ओतते आणि जे उतरतं त्यावर कवळी बसवते. माप खोटं बोलत नाही. माणूस डॉक्टरांना सांगतो, "छे, मी झोपेत दात खात नाही." माप सांगतं, खातोस.

त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही.

गेल्या हिवाळ्यापर्यंत.

वार रविवार. वेळ संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. जागा, आमच्या शहरातली कारखान्याची बाग.

कारखाना बल्बचा होता. आता तो बंद पडला, पण त्याच्या समोरची बाग राहिली. मोठी हिरवळ, एक तळं, फुटक्या काचांच्या तुकड्यांनी सजवलेली एक लांब भिंत, आणि हिरवळीच्या मधोमध सात पुतळे. ब्राँझचे. त्यांना चौथरा नाही. गवतातूनच चालत निघाल्यासारखे उभे आहेत. पाळी संपवून घरी निघालेले कामगार, अशी कल्पना.

सातही जण खरी माणसं होती. शिल्पकाराने त्यांच्या अंगावर प्लास्टर थापून साचे काढले होते. चेहऱ्यावर प्लास्टर थापायचं म्हणजे डोळे मिटावे लागतात. म्हणून सातही जणांचे डोळे मिटलेले आहेत. शिल्पकाराने ते तसेच ठेवले. गावात कुणी त्यांना कामगार म्हणत नाही. 'झोपेत चालणारे' म्हणतात.

त्यातली सगळ्यात शेवटची, कुंपणाच्या झुडपांजवळची बाई... माझी आई.

आई त्या कारखान्यात बल्ब तपासायची. दिवसभर पेटलेल्या बल्बांकडे बघून संध्याकाळी तिचे डोळे लाल व्हायचे. पुतळ्यात तिच्या डाव्या हातात पिशवी आहे. उजवा हात जरा खाली, जरा बाहेर. बोटं अर्धवट मिटलेली. एखाद्या लहान मुलाचं बोट धरावं तशी.

पण त्या हातात काही नाही.

ती जागा माझी होती.

मी तेव्हा चार वर्षांची. मायलेकी हात धरून घरी निघाल्या आहेत, असं शिल्पकाराला हवं होतं. त्याने आईच्या उजव्या हातात माझा डावा हात दिला आणि दोन्ही हातांवर मिळून प्लास्टर थापलं. आता मला माहीत आहे की प्लास्टर घट्ट होताना तापतं. तेव्हा कुठून माहीत असणार?

"हलू नकोस हं राणी," आई म्हणत होती. "आंघोळीच्या पाण्यासारखंच आहे ते."

मी भोकाड पसरलं. हात हिसकला. आणि पांढऱ्या हातानेच कारखान्याच्या फाटकापर्यंत पळत सुटले.

परत काही मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. शेवटी आईचा एकटीचाच साचा काढला. आईने विचारलं, मग हा हात असा रिकामाच ठेवणार का? शिल्पकार म्हणाला, "असू दे. येईल ती कधीतरी."

घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आई हा किस्सा सांगायची आणि शेवटी माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणायची, "या भित्र्या भागूबाईमुळे मी जन्माची एकटी उभी आहे तिकडे!"

सगळे हसायचे. मीही हसायचे.

आई गेली त्याला आता दीड वर्ष झालं.

ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगते. मला सांगायला आवडत नाही.

दवाखान्यात तिसरा दिवस होता. तिला बोलता येत नव्हतं. पण माझा डावा हात तिने तिच्या उजव्या हातात घट्ट धरला होता. दुपारपासून सोडलाच नव्हता. संध्याकाळी माझा फोन वाजला. दातांच्या डॉक्टरांचा. एका पेशंटच्या कवळीतल्या दातांचा रंग जरा पिवळट घ्यायचा की नाही, हे विचारायला.

मी आईची बोटं एकेक करून सोडवली. ती सुटत नव्हती. मी म्हटलं, "आई, आलेच गं."

दहा मिनिटं. फार तर बारा.

परत आले तेव्हा नर्स पलंगापाशी उभी होती. आईचा हात चादरीबाहेर होता. बोटं अर्धवट मिटलेली. अगदी पुतळ्यासारखी.

पिवळट रंगासाठी.

मी लग्न केलं नाही, भाऊबहीण नाहीत. घरी मी आणि आई, एवढंच होतं. त्यानंतर घरात शिरलं की आधी दिवा लावायचा, मग टीव्ही लावायचा, मग चपला काढायच्या, अशी सवय लागली. आवाज हवा असायचा. रविवार मात्र जाता जात नसे. म्हणून मी बागेत जायला लागले. पुतळ्याशेजारी उभी राहायचे आणि त्या रिकाम्या हातात हात घालायचे. लोक बघायचे. बघू देत. थंडगार ब्राँझ. पण हाताचा आकार तिचाच होता.

वर्षभर असं चाललं.

आता त्या रविवारकडे येते.

सहा वाजून दहा मिनिटं. ऊन केव्हाच गेलं होतं. साडेसहाला बाग बंद होते, म्हणून लोक फाटकाकडे निघाले होते. मी आईच्या हातात हात घातला...

हात कोमट होता.

मी दचकून हात काढला. पिशवीचा हात चाचपला. गार. गाल चाचपला. गार. फक्त उजवा तळवा... आंघोळीच्या पाण्यासारखा.

वाकून बघितलं. तळव्याच्या आत चार ठिपके चकाकत होते. ब्राँझचं असं असतं, सारखा हात लागला की ते पिवळं चमकतं. सातांतल्या सगळ्यात पुढच्या कामगाराचं नाक पोरांनी चोळून चोळून सोन्याचं केलं आहे. पण त्याला तीस वर्षं लागली. आणि इकडे कोपऱ्यात कोण येतंय? माझाच हात लागून झालं असेल, असं मी स्वतःला समजावलं.

मग मी माझी बोटं त्या ठिपक्यांवर ठेवून पाहिली.

बसली नाहीत.

ठिपके छोटे होते. फार छोटे.

फाटकावर शिट्टीवाले काका उभे होते. बागेचे रखवालदार. साडेसहाला शिट्टी वाजवत फिरतात म्हणून हे नाव. मागे एकदा एक आजोबा बाकावर झोपले आणि रात्रभर आत अडकले, तेव्हापासून काकांच्या दोन्ही हातांत मोजणीची दोन यंत्रं असतात. आत येणाऱ्याला डाव्या हाताने टिक, बाहेर जाणाऱ्याला उजव्या. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय काका कुलूप लावत नाहीत.

"ताई," काका जरा चाचरत म्हणाले, "एक बोलू का? राग मानू नका."

"बोला ना काका."

"पोरीला असं आत एकटीला सोडून जात जाऊ नका. तळं आहे आत."

"कुठली पोर?"

"तुमचीच ना? तुमच्याशेजारी तर असते. त्या शेवटच्या बाईपाशी. तुम्ही निघता आणि ती तिथंच राहते. मी शिट्टी मारत जातो, तर जवळ गेल्यावर कुणी नसतं. आकडे जुळतात. म्हणजे आत कुणी नाही. पण परत लांबून बघितलं, की..."



"कशी दिसते?" मी विचारलं.

"असेल चारेक वर्षांची. तोंड नाही दिसत नीट. पण हाताला काहीतरी लागलेलं असतं हो तिच्या. चुन्यासारखं. पांढरं."



पांढऱ्या हाताची गोष्ट आमच्या घरातल्या पाहुण्यांना माहीत होती. काकांना माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

पुढचे दोन रविवार मी गेले नाही. खोटं कशाला बोलू, घाबरले होते. तिसऱ्या रविवारी गेले, तर पुतळ्यापाशी एक माणूस हातवारे करत कुणावर तरी चिडला होता. मेणवाला. दर हिवाळ्यात तो येतो. पुतळे धुतो, ब्रशने मेण लावतो, ते सुकू देतो आणि मग फडक्याने घासतो. पावसापाण्याने ब्राँझ खराब होऊ नये म्हणून.

"बघा हो मॅडम! सकाळी लावलं. दोन तास जेवायला गेलो तर कुणीतरी हात घालून ठेवलाय. बाकी सगळं सोडून नेमका इथंच! पोरांना कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी."

आईच्या तळव्यातल्या ताज्या मेणात चार बोटं उमटली होती.

लहान.

"उद्या सकाळपर्यंत पुसू नका," मी म्हणाले.

"का?"

"मला त्याचं माप घ्यायचं आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मी काय करणार? इतकी वर्षं मापावर विश्वास ठेवला. म्हटलं, माप घेऊ. मोठी बोटं निघाली तर विषय संपला. कुठल्या तरी शाळेतल्या पोराची निघाली तरी संपला.

सोमवारी सकाळी बाग उघडल्या उघडल्या मी आत गेले. रबराच्या वाटीत प्लास्टर कालवलं. आमचं कवळीचं प्लास्टर केसाएवढी रेघही उचलतं. जरा घट्टच ठेवलं आणि गोळा करून आईच्या तळव्यात दाबला. पडू नये म्हणून वरून माझा डावा हात धरून ठेवला.

बागेत कुणी नव्हतं. तळ्यावर धुकं होतं.

चार मिनिटांनी प्लास्टर तापायला लागलं.

माझा हात आईच्या हातात, मध्ये गरम प्लास्टर... मला हुंदका आवरला नाही. अडतीस वर्षांनी का होईना, मी हात हिसकला नव्हता. "बघ, नाही हलले," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

दहा मिनिटं झाली. प्लास्टर घट्ट झालं. मी ते काढायला गेले...

सुटेना.

मेणावरचं प्लास्टर अलगद सुटतं. जन्मभर सोडवत आले आहे. पण हे कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं होतं. मी एका कडेने सैल केलं. मग दुसऱ्या कडेने. मग एकेक बोट मागे सारावं तसं, हळूहळू...

टक् असा आवाज झाला आणि ते माझ्या हातात आलं.

बघायचा धीर झाला नाही. रुमालात गुंडाळलं आणि निघाले.

फाटकावर काकांनी उजव्या हाताने टिक केलं. मग आणखी एकदा टिक केलं.

"बरं झालं, घेऊन चाललात ते," काका हसून म्हणाले. "किती दिवस आपली एकटीच उभी राहायची बिचारी." मग त्यांनी यंत्रांकडे बघितलं. हसू मावळलं. "ताई... आत तर तुम्ही एकट्याच गेला होतात ना?"

मी मागे वळून बघितलं नाही.

कामाच्या खोलीत आले, दार लावलं, मोठा दिवा लावला आणि रुमाल उघडला.

मेणाचा थर किती असतो? कागदाएवढा. त्यात उमटली तर बोटांची फक्त टोकं उमटतील. पण माझ्यासमोर टेबलावर चार अख्खी बोटं होती. गोल. पेरांसकट, नखांसकट. लहान मुलाच्या हाताची असतात तशी गुबगुबीत.

करंगळीच्या पेरावर एक वण होता. चंद्रकोरीसारखा.

मी माझा डावा हात दिव्याखाली धरला. तीन वर्षांची असताना पत्र्याच्या डब्याचं झाकण लागून करंगळी कापली होती. वण माझ्याबरोबर वाढत गेला. पण आकार तोच. कोर डावीकडे उघडी.

माप खोटं बोलत नाही.

मी जिवंत आहे. दातांचे डॉक्टर मला फोन करतात, दूधवाला दार वाजवतो, शेजारच्या काकू माझ्या बारीक होण्यावरून बोलतात. मी जिवंत आहे. मग आईपाशी इतके दिवस कोण उभं होतं? फाटकाकडे पळालेली ती पोर... ती कधी परत गेली होती?

मग एक गोष्ट लक्षात आली आणि मी खुर्चीत बसूनच राहिले.

प्लास्टर सोडवताना माझे हात जे करत होते, ते मी आधी केलं होतं. दवाखान्यात. एकेक बोट मागे सारून.

आईला तिचं माणूस मिळालं होतं. रिकामा हात भरला होता. आणि मी... पुरावा हवा म्हणून... तो तिसऱ्यांदा सोडवला.

त्याच दिवशी दुपारी परत गेले. मेणवाल्याने मेण घासून टाकलं होतं. तळवा एकसारखा तपकिरी. ठिपके नव्हते. हात लावला.

गार. दगडासारखा गार.

प्लास्टरची बोटं मी त्या मुठीत ठेवली. नीट बसवली. चुकलं म्हणाले, आई माफ कर म्हणाले, जे जे सुचलं ते सगळं म्हणाले. पुढच्या रविवारी बघितलं तर ती खाली गवतात पडली होती. परत ठेवली. परत पडली. काका म्हणाले, "आता दिसत नाही हो ती पोर." ते खुशीत होते. आकडे जुळत होते.

आई उभी होती. डोळे मिटून. हात पुढे करून.

इतकं होऊन मी इथे कशाला लिहिते आहे, असं वाटेल. कुणाला तरी सांगायला हवं होतं. आणि कुणाला काही उपाय माहीत असला तर हवा आहे. हसायचं असेल तर हसा.

कारण ती प्लास्टरची बोटं मी घरी आणून कपाटात ठेवली आहेत, आणि ती अजून कोमट आहेत. प्लास्टर अर्ध्या तासात गार होतं. याला आता सहा आठवडे झाले.

आणि दुसरं...

पहिल्यांदा झालं तेव्हा मी टीव्हीसमोर बसले होते. डावा हात सोफ्यावर पालथा होता. आधी वाटलं मुंग्या आल्या. मग वाटलं, नाही. माझ्या तळव्याखाली काहीतरी शिरत होतं. छोटं. कोमट. जरा खरखरीत... वाळलेल्या प्लास्टरसारखं.

मी किंचाळले नाही. हातही काढला नाही.

तेव्हापासून ते असतंच. कधी सैल, कधी घट्ट. कवळीचं काम एका हाताने होत नाही, म्हणून मी सुट्टीवर आहे. डॉक्टरांचे फोन येतात. वाजू देते. हे सगळंही मी उजव्या हातानेच टाइप केलं आहे. दोन दिवस लागले.

तुम्हाला वाटेल, चला, निदान एकटी तरी नाही. मलाही पहिले दोन दिवस तसंच वाटलं होतं. पण ती माझ्यासाठी आलेली नाही हो. मी तिला ओढून आणलं आहे. रात्री माझ्या हातात तो छोटा हात हुंदके दिल्यासारखा हलत असतो आणि मला काही करता येत नाही. आईला हाक मारणाऱ्या पोरीला मी काय सांगू? मी काही तिची आई नाही.

आणि रोज संध्याकाळी, सव्वासहाच्या सुमाराला, हात ओढला जातो.

हलकेच.

दाराकडे.

आजवर मी सोफ्याला धरून बसले. कारण बाग साडेसहाला बंद होते, आणि तिकडे गेले तर आकडे कसे जुळतील, ते मला कळत नाही. आत दोघी जातील. बाहेर किती येतील?

काल खूप जोरात ओढलं. मनगट अजून दुखतं आहे.

आत्ता सहा वाजून बारा मिनिटं झाली आहेत. दिवा चालू आहे, टीव्ही चालू आहे. चपला मी अजून काढलेल्या नाहीत.

हात ओढायला लागला आहे...

यावेळी सोडवून घेणार नाही.